इंजिनाचा कान

पेट्रोलवर चालणारी जुनी मोटार घाट चढू लागली आणि चालकाने खालचा गिअर टाकायला उशीर केला, की इंजिनातून एक विशिष्ट आवाज येऊ लागे. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. 'इंजिन नॉक मारतंय' असे म्हणत चालक गिअर बदली आणि आवाज थांबे. आजच्या मोटारींत हा आवाज क्वचितच ऐकू येतो, कारण तो ऐकण्याचे काम आता चालकाच्या कानाकडे राहिलेले नाही. इंजिनाच्या ठोकळ्यावर बोल्टने बसवलेला एक लहानसा भाग ते करतो. त्याला नॉक सेन्सर म्हणतात. हा कान बिघडल्याचे निदान झाले, की गॅरेजात बहुधा एकच उत्तर मिळते : 'सेन्सर गेला, बदलून टाका.' पुष्कळदा हे उत्तर घाईचे असते. ते का, हे समजण्यासाठी आधी नॉक म्हणजे काय ते पाहू.

सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगची ठिणगी पडते. त्याबरोबर सगळे मिश्रण एकदम भडकते, अशी आपली समजूत असते. पण तसे होत नाही. गवताला एका टोकाला लावलेला वणवा पसरावा तशी ज्योत प्लगपासून कडेकडे सरकते, सेकंदाला साधारण पंधरा-वीस मीटर वेगाने. हे जळणे पुरे व्हायला वेळ लागतो, म्हणून दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात; ज्योतीला दोन-तीन मिलिसेकंद लागले, तरी तेवढ्यात क्रँकशाफ्ट चाळीस-पन्नास अंशांतून फिरलेला असतो.

आता कडेला उरलेल्या, अजून न जळलेल्या मिश्रणाचा विचार करा. एकीकडून दट्ट्या ते दाबतो, दुसरीकडून जळून प्रसरण पावलेला वायू दाबतो. दाबाबरोबर तापमान वाढते. ते फार वाढले, तर ज्योत येऊन पोहोचण्याआधीच हे उरलेले मिश्रण आपणहून आणि जवळजवळ एकाच क्षणी पेटते. दाबाची लाट सिलिंडरच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटू लागते. हाच नॉक. दट्ट्याच्या माथ्यावर स्थिर वायूचा एक पातळ थर असतो आणि तो धातूचे उष्णतेपासून रक्षण करतो. या लाटा तो थर उधळून लावतात. नॉक जोराचा असून बराच वेळ चालू राहिला, तर दट्ट्याचा माथा खरवडला जातो, प्रसंगी त्याला भोकही पडते.

या आवाजाची वारंवारता आपण वर्गात काढू शकतो. वाटोळ्या डब्यातली हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हेलकावू लागली, तर तिची सर्वांत कमी वारंवारता सुमारे ०.५९ गुणिले ध्वनीचा वेग भागिले व्यास इतकी येते. जळत्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ९५० मीटर असतो. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर धरला, तर उत्तर सुमारे ७००० हर्ट्झ येते. पियानोचा सर्वांत वरचा स्वर ४१८६ हर्ट्झचा असतो. हा आवाज त्याहूनही बारीक झाला. सिलिंडर मोठा तर आवाज जाड, लहान तर बारीक. मोठ्या आणि लहान बाटलीच्या तोंडावर फुंकर घालून हा फरक विद्यार्थ्यांना ऐकवता येईल.

नॉक सेन्सरच्या पोटात दाबविद्युत पदार्थाची एक कडी असते आणि तिच्यावर एक जड कडी दाबून बसवलेली असते. काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि प्येर या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. स्वयंपाकघरातला खटक्याचा गॅस-लायटर याच तत्त्वावर ठिणगी पाडतो. इंजिनाचा ठोकळा थरथरला, की जड कडी जडत्वामुळे मागे राहू पाहते, खालच्या कडीवर कमीजास्त दाब पडतो आणि तितक्याच वारंवारतेची विद्युत स्पंदने तारेतून मोटारीच्या संगणकाकडे जातात.

पण इंजिनात झडपा आपटतात, दट्ट्या घासतो, साखळी खडखडते. एवढ्या गोंगाटात संगणकाला नेमका नॉक कसा कळतो? एक तर तो अपेक्षित वारंवारतेच्या आसपासचीच कंपने निवडतो. दुसरे म्हणजे, ठिणगीनंतर नॉक होण्याचा जेवढा संभव असतो तेवढ्याच वेळात तो कान देतो. क्रँकशाफ्टची स्थिती त्याला ठाऊक असल्यामुळे आवाज कोणत्या सिलिंडरचा, हेही त्याला समजते. (फळ्याकडे तोंड करून लिहिताना कोण बोलले हे ओळखणाऱ्या शिक्षकांना यात नवल वाटू नये.) नॉक सापडला, की त्या सिलिंडरची ठिणगी तो काही अंश उशिरा पाडतो. आवाज थांबल्यावर ती हळूहळू, लहान पायऱ्यांनी पुन्हा पुढे आणतो.

आता बिघाडाकडे वळू. सेन्सर धड असेल, तर वेगाने फिरणाऱ्या इंजिनाची नेहमीची खडखड त्याच्याकडून येतच राहिली पाहिजे. ती आली नाही, तर ही शांतता संगणकाला संशयास्पद वाटते. कान गमावलेला संगणक मग धोका पत्करत नाही : ठिणगी कायमची उशिरा पाडू लागतो आणि इंजिनाचा दिवा लावतो. गाडी चालते, पण चढावर दम लागतो आणि पेट्रोल जास्त जाते. तपासणी-यंत्र लावले तर बहुधा पी ०३२५ किंवा त्याच्या शेजारचा एखादा संकेतांक दिसतो.

इथेच घाई होते. पी ०३२५ चा अर्थ 'सेन्सर खराब' असा नसून 'सेन्सरच्या मंडलात बिघाड' असा आहे. मंडलात सेन्सर येतो, तशी तारही येते आणि जोडणीही. तार उंदरांनी कुरतडलेली असते, जोडणीत पाणी जाऊन गंज चढलेला असतो किंवा सेन्सरचा बोल्टच सैल असतो. म्हणून आधी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आणि किल्ली काढून तार आणि जोडणी डोळ्यांनी पाहावी. मग जोडणी सोडवून सेन्सरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा, तो प्रत्यावर्ती मिलिव्होल्टवर ठेवावा आणि सेन्सरशेजारच्या ठोकळ्यावर लहान पान्याने टकटक करावी. सेन्सरवर मात्र ठोकू नये, आतली चकती तडकते. आकडा हलला, तर कान जिवंत आहे आणि दोष पुढे तारेत शोधायला हवा. मीटर स्वस्तातला असेल तर आकडा जेमतेम हलतो, म्हणून टकटक सलग करावी.

उलटही घडते. सेन्सर आणि तार दोन्ही ठीक असतात आणि इंजिन खरोखरच नॉक करत असते. कमी ऑक्टेनचे पेट्रोल, आत साठलेला कार्बन किंवा अति तापलेले इंजिन ही त्याची नेहमीची कारणे. तिथे नवा सेन्सर बसवून काहीच साधत नाही. तोही तेच ऐकणार.

याहून वाईट एक युक्ती काही ठिकाणी चालते. सेन्सरच्या जागी साधा विद्युतरोध जोडून संगणकाला फसवायचे. काही गाड्यांत दिवा खरोखर विझतो आणि गिऱ्हाईक खूश होते. मघाशी कान गेल्याचे संगणकाला माहीत होते, म्हणून तो जपून वागत होता. आता आपल्याला ऐकू येते अशा भ्रमात तो ठिणगी बिनधास्त पुढे आणतो. भर उन्हाळ्यात, भरल्या गाडीने घाट चढताना याची किंमत दट्ट्या मोजतो. असा दिवा विझवण्यापेक्षा तो जळत राहिलेला आम्हाला बरा वाटतो.

सेन्सर खरोखर निकामी ठरला, तर तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. नवा बसवताना जागा स्वच्छ असावी, मध्ये वायसर घालू नये आणि बोल्ट ठरल्याइतकाच आवळावा. पुष्कळ सेन्सरना सुमारे २० न्यूटन-मीटर लागतात; म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण दहा किलोच्या वजनाइतका जोर. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असतो. सैल बसलेल्या सेन्सरपर्यंत कंपने नीट पोहोचत नाहीत, फार आवळल्यास चकतीवरचा ताण बदलतो.

या शेवटच्या मुद्द्याचा प्रयोग शाळेत करता येईल. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात दाबविद्युत बझरची पितळी चकती स्वस्तात मिळते. तिच्या दोन तारा शाळेच्या ध्वनिवर्धकाला मायक्रोफोनच्या जागी जोडा. चकती आधी टेबलावर नुसती ठेवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नखाने टकटक करा. मग ती दुहेरी चिकटपट्टीने टेबलाला घट्ट दाबून बसवा आणि तशीच टकटक पुन्हा करून दोन्ही वेळचे आवाज विद्यार्थ्यांना ताडून पाहायला सांगा.