रणगाडा पदरी बाळगायचा तर

काशीहून गंगेच्या पैलतीरी गेले म्हणजे रामनगरचा किल्ला लागतो. चुनारच्या दगडात बांधलेला हा काशीनरेशांचा वाडा अठराव्या शतकातला. त्याच्या संग्रहालयात पालख्या आहेत, जुन्या मोटारी आहेत, तलवारी-बंदुका आहेत आणि हत्तीच्या पाठीवर चढवावयाचे हौदेही आहेत. हे हौदे पाहताना एक साधी गोष्ट ध्यानात येते. हौदा शंभर वर्षे भिंतीशी टेकून राहू शकतो. तो कोणाजवळ काही मागत नाही. हत्ती मात्र रोज दीडशे किलोंवर वैरण मागतो, पाणी मागतो, माहूत मागतो आणि कधी मस्ती आली तर साखळदंडही मागतो. ज्याच्या दारी हत्ती झुलतो त्याचे वैभव रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते. वैरणीचा हिशेब दिसत नाही.

श्रोतेहो, आज ज्या वस्तूविषयी मला बोलावयाचे आहे ती या लढाऊ हत्तीचीच वंशज म्हटली पाहिजे. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर इंग्रजांनी पहिले रणगाडे उतरविले. अंगावर पोलादी चिलखत, पोटात यंत्र, पायात चाकाऐवजी दुवे जोडून केलेले पट्टे, असा हा प्राणी. लढाईत त्याचा उपयोग काय, हे सेनापतींनी सांगावे. मला विचारावयाचे आहे ते असे, की लढाई संपल्यावर हा प्राणी एखाद्याने आपल्या पदरी बाळगावा का? आणि बाळगायचा तर त्याची वैरण कोणती?

प्रश्न वाटतो तितका विक्षिप्त नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर शत्रूचे जिंकलेले आणि आपले निवृत्त झालेले रणगाडे देशभर छावण्यांच्या दारांत, चौकांत आणि शिक्षणसंस्थांच्या आवारांत जाऊन बसले आहेत. २०१७ साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या कुलगुरूंनी आवारात एक रणगाडा असावा अशी इच्छा बोलून दाखविली, तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादाच्या राजकारणात मला शिरावयाचे नाही. मला त्यातला महत्त्वाचा वाटलेला प्रश्न अगदी घरगुती आहे : तो ठेवणार कोठे, आणि पुसणार कोण?

प्रथम खासगी माणसाचा विचार संपवू, कारण तो आपल्याकडे लवकर संपतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याने तोफा आणि रणगाडाविरोधी शस्त्रे निषिद्ध शस्त्रांत घातली आहेत. केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून ती कोणास बाळगता येत नाहीत. तेव्हा चालती तोफ असलेला रणगाडा कोणा हौशी गृहस्थाच्या अंगणात दिसणार नाही, आणि दिसू नये हे बरेच. इंग्लंडात मात्र हा शौक पुष्कळांना आहे. तेथे पट्ट्यांवर चालणाऱ्या वाहनासाठी परवान्याचा वेगळा वर्गच आहे. तोफ कायमची निकामी केली म्हणजे रणगाडा विकत घेता येतो. अशाच एका शौकिनाने तीस हजार पौंडांस घेतलेल्या रणगाड्याच्या इंधनटाकीत सोन्याच्या विटा निघाल्याची बातमी २०१७ साली जगभर छापून आली होती. ती वाचून कोणी रणगाडा घेण्यास निघाला असेल, तर त्याने जर्मनीतली दुसरी बातमीही वाचावी. कील शहराजवळच्या एका गावी एका वृद्ध गृहस्थांनी महायुद्धातला पँथर रणगाडा घराच्या तळघरात ठेवला होता. १९७८ च्या हिमपातात त्यांनी त्याने रस्त्यावरचे बर्फ हटविले होते, असे गावात सांगत. २०१५ साली तो जप्त करावयाचे ठरले, तेव्हा तळघरातून ते पंचेचाळीस टनांचे धूड बाहेर ओढावयास सुमारे वीस सैनिकांना जवळजवळ नऊ तास खपावे लागले. २०२१ मध्ये न्यायालयाने मालकास चौदा महिन्यांची स्थगित कैद आणि अडीच लाख युरोंचा दंड सांगितला.

हे ओझे नुसते नऊ तासांचे नसते. आपल्या सैन्याने दोन्ही युद्धांत वापरलेला सेंच्युरियन रणगाडा घ्या. वजन सुमारे पन्नास टन, रुंदी सव्वातीन मीटरांहून अधिक. काशीच्या कचौडी गलीत समोरून एखादा नंदी आला तर माणसाला उंबऱ्यावर चढून उभे राहावे लागते. तेथे या पाहुण्याचे नावच नको. पण रुंद हमरस्त्यावरही त्याचे सुखाने चालत नाही. पट्टा मऊ जमिनीसाठी केलेला असतो. पन्नास टनांचा भार लांबरुंद पट्ट्यांवर पसरल्यामुळे जमिनीच्या दर चौरस सेंटीमीटरवर तो एका किलोच्या आसपासच पडतो. हवेच्या टायरवर धावणाऱ्या लहान मोटारीचा भार याहून अधिक असतो. म्हणून मोटार रुतते तेथून रणगाडा जातो. डांबरी रस्त्यावर मात्र वळण घेताना एक पट्टा थांबतो, दुसरा फिरतो, आणि पोलादी दुवे रस्ता खरवडून काढतात. शिवाय दुवे जोडणाऱ्या खिळ्या झिजतात, पट्टा सैल पडतो, तो ताणावा लागतो आणि काही हजार किलोमीटरांनंतर बदलावाही लागतो. याच कारणाने सैन्यदेखील रणगाडे दूर न्यावयाचे झाले तर आगगाडीवर किंवा बहुचाकी मोटारींवर चढवून नेते. वाटेत पूल असला तर तो किती भार सोसेल याचे आकडे पाहावे लागतात. पिवळ्या गोल पाट्यांवर लिहिलेले असतात ते हेच.

आता इंधन. सेंच्युरियनचे यंत्र पेट्रोलवर चालणारे आणि मुळात विमानाच्या यंत्रावरून घेतलेले. ते एका किलोमीटरला चार ते पाच लिटर पेट्रोल पिते. आवडीला १९६५ पासून तयार झालेल्या आपल्या विजयन्त रणगाड्यात लेलँडचे निराळ्या घडणीचे यंत्र होते. तेही काही मितभोजी नव्हे.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल की मग तो चालवावयाचाच कशाला? चौथऱ्यावर बसवून टाकावा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसेच करतात, आणि खरी गोष्ट येथूनच सुरू होते. चौथऱ्यावरचा रणगाडा पुतळ्यासारखा वाटतो, पण तो पुतळा नाही. दगडी पुतळा भरीव असतो. रणगाडा ही पोलादाची खोली आहे. झाकणे नीट लागली नाहीत तर पावसाळ्यात ती पाण्याने भरते. तळाशी पाणी काढून देण्याची बुचे असतात. ती उघडी ठेवली नाहीत तर दोन-तीन पावसाळ्यांत आतून गंज धरतो आणि वरचा हिरवा रंग मात्र दरवर्षी स्वातंत्र्यदिनापूर्वी नवा दिसतो. चाकांच्या कडेचे रबर उन्हाने तडकते. चाके ज्या पोलादी दांड्यांवर तोललेली असतात त्यांवर वर्षानुवर्षे एकाच जागी भार राहतो. म्हणून तळाखाली आधार देऊन तो भार उचलावा लागतो. जुन्या गाड्यांत उष्णतेपासून रक्षणासाठी ॲस्बेस्टॉस वापरलेले असते, काही जुन्या घड्याळांच्या तबकड्यांत रेडियमचा रंग असतो. आणि मुले त्यावर चढणारच. झाकण वितळजोडाने पक्के बंद न केलेला रणगाडा शाळेच्या अंगणात ठेवणे म्हणजे कठडा नसलेली विहीर ठेवण्यासारखे आहे.

रणगाडा सैन्याकडून भेट म्हणून मिळाला तरी त्याची वाहतूक, क्रेन, चौथरा आणि पुढची पन्नास वर्षे फुकट मिळत नाहीत. मुंबईकरांना याची एक कडू आठवण आहे. विक्रान्त ही विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली. काही वर्षे ती तरंगते संग्रहालय म्हणून लोकांनी पाहिली. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ती बंद झाली आणि २०१४ साली सुमारे साठ कोटींना भंगारात गेली. १९७१ च्या युद्धातले तिचे पराक्रम सर्वांना पाठ होते. तिला ठेवावे असे सर्वांना वाटत होते. कमी पडला तो दरवर्षीचा पैसा, आणि तो देण्यास बांधलेला मालक.

मग हे ओझे उचलावेच का? माझे मत, उचलावे. पण उचलणाऱ्याने कोणाचे पाहून उचलावे, हे सांगितले पाहिजे. काशीविश्वनाथाचे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभे केले ते अहिल्याबाई होळकरांनी. त्या जन्मल्या चौंडीस, आणि ज्या अहमदनगर जिल्ह्यात चौंडी येते त्याला आता त्यांचेच नाव मिळाले आहे. त्या अहिल्यानगरला १९४८ पासून चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र आहे, आणि १९९४ मध्ये त्याने आपले रणगाडा संग्रहालय उघडले. रोल्स रॉइसची चिलखती मोटार, इंग्रजांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपान्यांचा हलका रणगाडा, १९६५ मध्ये जिंकलेले पॅटन, अशी सुमारे पन्नास वाहने तेथे ओळीने उभी आहेत. तेथे नुसती जागा आहे असे नाही. रणगाडा उघडता येणारे, त्याची यंत्रे ओळखणारे, कोणता नट कोणत्या पान्याने फिरतो हे हाताला माहीत असलेले लोक तेथे नित्य वावरतात. खडकीलाही चिलखती वाहनांचे मध्यवर्ती आगार आणि दुरुस्तीचा मोठा कारखाना आहे. रणगाड्याची वैरण ती हीच : जाणत्या माणसांचे हात. संग्रहालयाने हा जनावरांचा गोठा सांभाळला याचे कारण गोठ्यात गवळी होते.

आणि तेथे काय सांभाळले गेले हे पाहिले म्हणजे खर्चाची भाषा जरा बाजूला ठेवावीशी वाटते. पुण्यात १९५० साली जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसन्तरच्या लढाईत 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमध्ये पडले. पूना हॉर्स ही त्यांची पलटण. वय एकवीस. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना मिळाले. तो फामागुस्ता पुढे नीट करून अहिल्यानगरच्या त्या केंद्रात ठेवला आहे. एकवीस वर्षांचा मुलगा केवढ्याशा जागेत बसून लढला, हे पुस्तकात वाचून कळत नाही. ती जागा पाहिली म्हणजे कळते. रणगाडा जपण्याच्या बाजूने माझ्याजवळ याहून मोठा पुरावा नाही. पण हा लाभ मिळतो तो वस्तू खरी असेल, तिची हकिकत तिच्याजवळ सांगितलेली असेल आणि ती गंजलेली नसेल तरच. कोणत्याही लढाईत न गेलेला, कोणाचेही नाव न सांगणारा रणगाडा चौकात उभा केला, तर त्याच्याकडे पाहून मुलांना तोफेची नळी तेवढी आठवते.

पुन्हा पूर्वेकडे वळू. काशीच्या शेजारचा जिल्हा गाझीपूर. त्यातल्या धामूपूर गावचे अब्दुल हमीद १९६५ च्या युद्धात पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत होते. समोर अमेरिकेने पाकिस्तानास दिलेले पॅटन रणगाडे, सुमारे पंचेचाळीस टनांचे, त्या काळी उत्तमांत गणलेले. हमीदांपाशी एक उघडी जीप आणि तिच्यावर बसविलेली १०६ मिलिमीटरची धक्कारहित तोफ. आपल्या सैन्याने पाणी सोडून शेते चिखलाची केली होती, उभा ऊस आडोसा देत होता. मऊ जमिनीसाठी केलेले पट्टे तेथे रुतले. हमीदांनी एकामागून एक पॅटन टिपले आणि १० सप्टेंबर रोजी ते स्वतः पडले. त्या लढाईत पाकिस्तानचे सत्त्याण्णव रणगाडे गेले. भिखीविंडजवळ ते इतके गोळा झाले की त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले.

हमीदांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलखात एखाद्या संस्थेने पॅटन आणावा असे कोणाच्या मनात आले, तर मी त्यांना जीप सुचवीन. टपाल खात्याने २००० साली काढलेल्या त्यांच्या तिकिटावरही तोफ चढविलेली जीपच आहे. ती छपराखाली मावते. तिच्या जातीच्या गाड्या १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी जुळविल्या. त्यांचे सुटे भाग आजही कुर्ल्याच्या बाजारात हुडकता येतात आणि गावचा मेस्त्री त्यांना हात घालू शकतो. सैन्याने लिलावात काढलेल्या जीपा आणि जबलपूरला बनलेल्या जोंगा गाड्या आपल्या देशात साध्या माणसांनी कितीतरी वर्षे बाळगल्या, दुरुस्त केल्या, डोंगरात चालविल्या. त्यांना चिलखत नाही, पट्टे नाहीत. त्यांची कागदपत्रे मात्र लिलावाच्या पावतीपासून नोंदणीपर्यंत सलग आहेत ना, हे घेण्यापूर्वी पाहावे. सांगाड्यावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच हवा, आणि तो बॅटरीच्या उजेडात स्वतः वाचावा.