पोलादाला दिलेलं पाणी

ठाण्यातली वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, 1962 सालची. डोंबिवलीतही औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे ठाणे ते कल्याण या पट्ट्यात हार्डवेअरचं चांगलं दुकान शोधायला लांब जावं लागत नाही. आपण मात्र काउंटरवर अवजाराची चमक पाहून फसतो. ती क्रोमच्या पातळ मुलाम्याची असते. मुलामा गंज रोखतो, आतल्या पोलादाबद्दल तो काही सांगत नाही.

खरं काम भट्टीत होतं. पोलाद साधारण 800 अंशांपर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात विझवतात. लोहार याला ‘पाणी देणं’ म्हणतात. त्याने पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते पुन्हा कमी आचेवर तापवून थोडं मवाळ करतात. छिन्नीची धार कडक आणि डोकं मऊ ठेवतात ते याचसाठी. डोकंही कडक असतं तर हातोड्याच्या घावाने कपचा उडून डोळ्यात गेला असता.

हे पाणी काउंटरवर डोळ्यांना दिसत नाही, पण काही गोष्टी तिथेच तपासता येतात. पक्कड मिटून उजेडासमोर धरा. कापणाऱ्या धारांमधून प्रकाश दिसला, तर तार नीट तुटणार नाही. पाना घेताना दुकानदाराकडूनच नट मागा. 8 मिलिमीटरच्या बोल्टला सहसा 13 चा पाना लागतो. तो नटावर डगडगला तर परत ठेवा, कारण तो नटाचे कोपरे झिजवतो आणि झिजलेला नट मग कुठल्याच पान्याला दाद देत नाही. चांगला दुकानदार हे सगळं आनंदाने करू देतो. माझ्या मते, दुकान त्यावरूनच निवडावं.