फिशटँकमधली झाडं: आपल्या पाण्याला कोणती झेपतील?



आमच्या गटातल्या एकीच्या लेकानं दिवाळीत हट्ट करून काचेचा फिशटँक आणवला. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच. शहरातल्या एका दुकानातून मासे आले आणि सोबत सहा झाडंही आली. पंधरा दिवसांत दोन झाडं बुडापासून काळी पडली, पाण्याला वास सुटला आणि एका सकाळी चार गप्पी पोट वर करून तरंगताना दिसले. पोरगं दिवसभर जेवलं नाही. तेव्हापासून आम्ही विचारपूस केली, बादल्यांत झाडं लावून पाहिली. त्यातून जे कळलं ते आज सांगतोय.

ती काळी पडलेली दोन झाडं पाण्यातली नव्हतीच. लकी बांबूच्या जातीतली, कुंडीतली झाडं होती ती. अशी झाडं पाण्यात बुडवून विकतात. महिनाभर हिरवी दिसतात, मग कुजतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: झाड पाण्याबाहेर काढायचं. कायम पाण्याखाली वाढणारं झाड बाहेर येताच ओल्या फडक्यासारखं लोंबतं, कारण त्याला उभं धरायला पाणीच लागतं. काठीसारखं ताठ उभं राहिलं तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. याला अपवाद आहे, तो पुढे येईलच.

आता आपलं पाणी. दौंड-शिरूरकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड. हंड्याला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. दुकानात मन ओढून घेणारी तांबडी, नाजूक पानांची झाडं बहुतेक मऊ पाण्यातली असतात, त्यांना वरून जोरकस उजेडही लागतो. आपल्या पाण्यात ती झुरतात. त्यांच्यावर पैसे घालू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जड पाण्यात खुशाल वाढते ती वॅलिसनेरिया. दुकानात तिला नुसतं 'वॅलिस' म्हणतात. फितीसारखी लांब पानं, आणि दुर्वांसारखे धुमारे सोडत पसरते. एक रोप लावलं की काही महिन्यांत मागची सगळी बाजू भरते. लावताना मुळं वाळूत जाऊ द्या, पण पानं जिथून फुटतात तो गाभा वर उघडा ठेवा. दुसरं हॉर्नवर्ट. त्याला मुळंच नसतात, नुसतं सोडून द्यायचं. गप्पीची पिल्लं त्यात लपतात, नाहीतर मोठे मासेच ती गिळतात. तिसरं हायड्रिला, आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यातलंच एक. त्याचा तुकडा उसाच्या कांडीसारखा: डोळा असला की फुटतो. पण उसाच्या कडेच्या चारीतून उपटून आणू नका. तणनाशक, कीटकनाशक त्या पाण्यात उतरलेलं असतं आणि मासा ते सोसत नाही.

घरात गोल्डफिश असेल तर मऊ झाडं तो भाजीसारखी फस्त करतो. तिथे अनुबियास किंवा जावा फर्न घ्यावं. अनुबियासची पानं चिवट, चामड्यासारखी. पाण्याबाहेरही ताठ राहणारा तो अपवाद हाच. दोघांचं खोड आल्यासारखं आडवं असतं. ते वाळूत पुरलं की सडतं, म्हणून दोऱ्यानं दगडाला बांधायचं. महाग असतात, पण टिकतात. क्रिप्टोकोराइन नावाचं झाडही चांगलं, फक्त नव्या पाण्यात त्याची पानं विरघळून जातात. घाबरून फेकू नका, मूळ शाबूत असेल तर पुन्हा फुटतं.

नवीन झाड थेट टाकीत नको. आठ-दहा दिवस बादलीत ठेवा आणि पानांखाली गोगलगाईच्या अंड्यांचे चिकट ठिपके दिसले तर पुसून काढा. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, म्हणून पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग वापरा.

आणि युरिया! आमच्यातल्याच एकीनं झाड पिवळं पडलं म्हणून चिमूटभर युरिया टाकला. शेतात जे चालतं ते इथे चालत नाही. पाण्यात युरियाचा अमोनिया होतो, आणि तो माशांना विष. माशांची विष्ठा हेच टाकीतल्या झाडांचं खत, तेवढं बहुतेकदा पुरतं.

झाडं दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, रात्री मात्र माशांसारखीच घेतात. रात्री लाईट गेली, हवेचा पंप बंद पडला आणि टाकी झाडांनी खच्चून भरलेली असेल, तर पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. आमच्या मैत्रिणीचे गप्पी बहुधा असेच गेले: कुजलेल्या झाडांनी आधीच प्राणवायू खाल्लेला, त्यात पंप रात्रभर बंद. म्हणून अर्धी टाकी मोकळी ठेवा. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. खिडकीतल्या उन्हात टाकी ठेवली तर काच हिरवी होते, ती घासायचं काम आपल्याच गळ्यात.

झाडं वाढली की छाटावी लागतात, आणि छाटलेलं टाकायचं कुठे, हा प्रश्न आपल्याकडे साधा नाही. भीमेवर जाऊन बघा. जलपर्णी मूळ दक्षिण अमेरिकेतली. जांभळी फुलं छान दिसतात म्हणून शोभेसाठी तिला देशोदेशी नेलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोचली. आज रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते तिथपासून खाली उजनीच्या फुगवट्यापर्यंत तिचे हिरवे गालिचे दिसतात. वरच्या शहरांचं सांडपाणी हेच तिचं खत. पोषक पाण्यात पंधरवड्यात ती दुप्पट होते. खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, जाळी अडकतात, डास वाढतात. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासाही कुणीतरी असाच सोडून दिलेला, तो आता उजनीत जाळ्यात सापडतो.

म्हणून जलपर्णी किंवा कोबीच्या गड्ड्यासारखी तरंगणारी झाडं घरी आणूच नका. छाटलेली पानं गच्चीवर किंवा पत्र्यावर कडक वाळवा, मग खतखड्ड्यात घाला. ओला तुकडा चारीत, ओढ्यात, विहिरीत नको. हॉर्नवर्टचा बोटभर तुकडाही जगतो. टाकीचं काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला.

आमच्या मैत्रिणीच्या टाकीत आता मागं वॅलिस आहे, एका कोपऱ्यात हॉर्नवर्ट आणि मधे दगडाला बांधलेलं एकच जावा फर्न. परवा तिच्या लेकानं पिल्लं मोजली. अकरा भरली.