बाप्तिस्म्यानंतरची वाट

येशूनं आपल्या अनुयायांकडे फार मागितलं. देवावर प्रेम करायचं ते मन, जीव, बुद्धी आणि शक्ती यांतलं काहीही मागे न ठेवता, असं त्यानं प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याला सांगितलं. सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळलेला एक श्रीमंत माणूस त्याच्याकडे आला, तेव्हा होतं नव्हतं ते विकून गोरगरिबांना वाटायला सांगितलं. तो माणूस खिन्न होऊन परत गेला. येशूनं त्याच्यासाठी अट सैल केली नाही. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचं मात्र त्यानं शिष्यांना जवळ बोलावून कौतुक केलं, कारण तिच्यापाशी तेवढंच होतं.

मराठी ख्रिस्ती चरित्रं वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. बाप्तिस्म्याची तारीख मंडळीच्या नोंदवहीत मिळते. माणूस पुरता देवाचा कधी झाला, याची नोंद कुठेच नसते. ते त्याच्या पुढच्या वर्षांत, कामांत आणि तुटलेल्या-जुळलेल्या नात्यांत शोधावं लागतं.

जिवावर उदार होण्याची उदाहरणं आपल्या किनाऱ्यानं पूर्वीच पाहिली. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानात व्यापार करत होते. तो सोडून ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि १५९७ मध्ये नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारले गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत शिरले. डचांनी तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती, म्हणून ते मजुराच्या वेशात गेले. कँडीच्या राजानं त्यांना हेर समजून कैदेत टाकलं. पुढे देवीची साथ आली, तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनीच केली. १७११ मध्ये त्यांनी तिथेच देह ठेवला.

पण हौतात्म्यापेक्षा मला अधिक विचारात पाडतं ते पंडिता रमाबाईंचं आयुष्य. बाप्तिस्मा त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे घेतला. त्यानंतरची त्यांची पत्रं वाचली, तर नव्यानं ख्रिस्ती झालेली नम्र शिष्या त्यांत दिसत नाही. दिसते ती वाद घालणारी पंडिता. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या शंका घेतात, बिशपांचा शब्द अखेरचा मानायला नकार देतात, आणि ज्यांना त्या आईसारखं मानत त्या सिस्टर जेराल्डिन यांनाही आपल्या सदसद्विवेकाचा ताबा देत नाहीत. हा हट्ट अनेकांना खुपला. मला तो त्यांच्या श्रद्धेचा कणा वाटतो. जे पटलेलंच नाही ते देवाला अर्पण करायचं तरी कसं? रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहिलं, की आधी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता आणि ख्रिस्त सापडला तो आठएक वर्षांनी. इतकं स्वच्छ कबूल करणारी साक्ष विरळा.

दरम्यान १८८९ मध्ये मुंबईत रमाबाईंचं विधवा आणि मुलींसाठीचं शारदा सदन सुरू झालं होतं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचं वचन होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांचा राग अगदीच निराधार होता, असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाईचं सगळं जगणं प्रार्थनेवर उभं होतं तिनं दार लावून घ्यायला हवं होतं, असंही मला म्हणवत नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. दुष्काळ रमाबाईंना पुस्तकातून कळलेला नव्हता. आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत गमावली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांनी केडगावची जमीन गाठली. संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून घेतलेल्या त्या जमिनीवर 'मुक्ती' उभी राहिली, आणि १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दीड हजारांवर बायका-मुली होत्या. शेती, गुरं, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना असं सगळं त्या चालवत. अंध मुलींसाठी बार्तमी सदन होतं, आणि रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून येऊन त्यांना शिकवत होती.

या छापखान्यात क्षणभर थांबावंसं वाटतं. खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचं रमाबाईंनी मनावर घेतलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं हे काम चाललं. भाषांतर त्यांचं, आणि खिळे जुळवायला, पानं छापायला त्याच मुली. त्यांतल्या कितीतरी जणी मरणाच्या दारातून आलेल्या आणि इथेच अक्षर ओळखायला शिकलेल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी गेल्यावरही रमाबाईंनी काम सोडलं नाही. ते हातावेगळं करूनच त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले.

कवी रेव्हरंड टिळकांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बाजूला ठेवता येत नाही. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं दिलेला नवा करार, डोंगरावरच्या प्रवचनानं लागलेली ओढ आणि १० फेब्रुवारी १८९५ चा बाप्तिस्मा हे सर्वांना ठाऊक आहे. त्या बाप्तिस्म्याची किंमत मात्र आधी लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा जिवंत असताना चार-पाच वर्षं त्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे कुणावर दोष न ठेवता सांगितलंय, तरी वाचताना पोटात तुटतं. एकाच्या समर्पणाचा भार घरातल्या दुसऱ्यावर पडतो, हे ख्रिस्ती प्रवचनांतून फारसं सांगितलं जात नाही. सांगायला हवं. त्या परत नवऱ्याकडे आल्या तेव्हाही सोवळं पाळत होत्या. कुणाच्या आग्रहानं त्यांनी ते सोडलं नाही. जाती माणसानं केल्या, देवानं नाहीत, हे आपलं आपल्याला उमगलं तेव्हा सोडलं आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचं पुरतं झोकून देणं मला १९१७ मध्ये दिसतं. वय पंचावन्न, मिशनची नोकरी, कवी म्हणून नाव. अशा वेळी त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं मानणाऱ्या माणसाला हेच शोभणारं होतं. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरं केलं ते शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी.

अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी वसईची हिरवाई वाचवण्यासाठी लढा दिला, 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं संपादित केलं आणि 'सुबोध बायबल' सिद्ध केलं. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाल्यावर विरोध झाला. तरी ते संमेलनाला गेले आणि बोलले.

ही सगळी माणसं आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांनी लिहिलं किंवा त्यांच्याविषयी लिहिलं गेलं. अहमदनगर, जालना भागातल्या गावोगावच्या ख्रिस्ती झालेल्या महार-मांग कुटुंबांचं तसं नाही. शुभवर्तमान घेऊन पायी हिंडलेल्या बायबल-बायकांची चरित्रं कुणी छापली नाहीत. या सगळ्यांच्या नातवंडा-पतवंडांना आजही हिशेब चुकवावा लागतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. तरीही शाळेच्या दाखल्यावर, धर्माच्या रकान्यात 'ख्रिश्चन' असं लिहून देणारे आई-बाप आहेत. त्या एका शब्दानं मुलाच्या कोणत्या सवलती जातात, हे त्यांना नीट ठाऊक असतं.