पट्टी तीच, रुग्ण वेगळा

आमच्या सरकारी रुग्णालयात बारामती-इंदापूरकडचा रुग्ण आला की गोठ्याचा विषय निघतोच. मागच्या आठवड्यात एका मधुमेही आजोबांच्या लघवीची पट्टी जांभळी झाली. ती पाहून मुलगा म्हणाला, ‘‘डॉक्टर, आमच्या गाईलाही हीच पट्टी लावली होती.’’

बरोबरच. किटोन दोघांचेही वाढले होते. आजोबांच्या रक्तात साखर भरपूर, पण इन्सुलिन अपुरे. गाईच्या रक्तात साखरच कमी.

संकरित होल्स्टीन गाय व्याल्यावर दूध झपाट्याने वाढते, खाणे तेवढे वाढत नाही. तूट भरायला अंगावरची चरबी वितळते आणि यकृतात तिचे किटोन बनतात. हाच किटोसिस. गाय पेंड सोडून नुसता कडबा चघळते, वाळत जाते. पुष्कळ गाईंत तर वरून काहीच दिसत नाही. दूध घटते, गाभण राहायला उशीर होतो. गंमत म्हणजे या दिवसांत दुधाचे फॅट वाढते आणि डेअरीवर मालक खूश!

म्हणून व्याल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत एक-दोनदा तपासणी करावी. लघवीची पट्टी स्वस्त पडते. शेपटीच्या शिरेतल्या रक्ताच्या थेंबावर ग्लुकोमीटरसारखे यंत्रही चालते. त्यात ‘बीएचबी’ हा किटोन 1.2 मिलिमोलवर गेला, की पशुवैद्यकांना बोलवा. ते प्रोपिलीन ग्लायकॉल पाजायला सांगतील, गरज पडली तर शिरेतून ग्लुकोज देतील. घरचा गूळ पाजून भागत नाही, तो पोटातले जंतूच फस्त करतात.

मुलाने वॉर्डातूनच घरी फोन लावला. दुसरी गाय व्याल्याला आठ दिवस झाले होते.