एसी चालू, पण खोली गारच होत नाही? 'गॅस संपलाय' म्हणणाऱ्याला आधी हे विचारा

मीरा रोड : आपल्या शहापूर-मुरबाडकडे अशी कितीतरी घरं आहेत, की मुलगा-सून मीरा रोडला आणि आईवडील गावाला. मे महिन्यात आईवडील नातवंडांकडे जातात आणि नेमका तेव्हाच फ्लॅटमधला एसी मान टाकतो. कंपनीचा माणूस तीन-चार दिवसांनंतरची तारीख देतो. मग नाक्यावरचा मेकॅनिक बोलावला जातो. तो दोन मिनिटं बघतो, "गॅस संपलाय" म्हणतो, गॅस भरतो, दोन-तीन हजार घेतो आणि जातो. पंधरा दिवसांनी खोली पुन्हा तापलेली.

सगळे मेकॅनिक असे नसतात. पण आता एसी गावातल्या घरांतही आलेत, त्यामुळे हा 'गॅस' प्रकार काय आहे ते समजून घेतलेलं बरं.

एसीतला गॅस म्हणजे स्वयंपाकाचा सिलिंडर नव्हे. तो जळत नाही, वापरून संपत नाही. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बंद नळ्यांतून तोच तो गॅस फिरत राहतो, घरातली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटमधून हवेत सोडतो. एसी दहा वर्षं चालला तरी गॅस तेवढाच राहायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा मारणं.

मीरा रोड-भाईंदरला गळती होण्याचं एक कारण हवेतच आहे. एका बाजूला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मध्ये मिठागरं. खारट दमट हवेने बाहेरच्या युनिटची जाळी आणि सांधे गंजतात. गळती बहुतेक वेळा नट लावलेल्या सांध्यांवर किंवा गंजलेल्या कॉइलमध्ये सापडते.

म्हणून मेकॅनिकला सरळ विचारा : गळती कुठे आहे, दाखवा. साबणाचा फेस लावला की गळतीच्या जागी बुडबुडे येतात, ते आपल्यालाही दिसतात. गळती बंद केल्यावर नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढावी लागते, त्याला 'व्हॅक्यूम' म्हणतात. त्यानंतरच गॅस भरायचा, तोही वजन करून. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर गॅसचं नाव (आर-३२, आर-४१०ए वगैरे) आणि किती भरायचा ते छापलेलं असतं. पट्टीवर एक गॅस आणि सिलिंडरवर दुसरं नाव असेल तर काम तिथेच थांबवा. आर-३२ पेट घेऊ शकतो, आर-२९० तर फारच लवकर पेटतो. म्हणून गॅसचं काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, देव्हाऱ्यातला दिवा आणि शेगडी बंद. नळीत गॅस असताना कुणी टॉर्च पेटवू लागला तर हात धरा.

पण बऱ्याचदा गॅसला काहीच झालेलं नसतं. मेकॅनिकला फोन करण्याआधी घरातल्या घरात काही गोष्टी बघता येतात.

रिमोटवर बर्फाच्या चांदणीची खूण आहे ना? पोरांच्या हाताने 'फॅन' मोड लागला की नुसता वारा येतो. मग पुढचं झाकण उघडून फिल्टर काढा. धुळीने तो गोधडीसारखा झालेला असेल तर हवाच आत जात नाही. नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, बसवा. उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करायचं. कित्येक एसी एवढ्यावरच सुरळीत होतात.

आतल्या कॉइलवर बर्फ धरला असेल तर सुरीने खरवडू नका, नळी फुटेल. कूलिंग बंद करून दोन-तीन तास फक्त पंखा चालवा. फिल्टर धुऊनही बर्फ परत धरला तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता आहे.

पाण्याची नळीही बघा. मीरा रोडच्या दमट हवेत खोली गार होत असेल तर नळीतून पाणी ठिबकतंच. एक तास चालवूनही थेंब नाही आणि घरातही कुठे गळत नाही, तर कूलिंग होत नाहीये. घरात भिंतीवरून पाणी ओघळत असेल तर बहुधा नळी तुंबली आहे, गॅसचा संबंध नाही.

बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतोय का, ते खिडकीतूनच बघा. ग्रिलवर चढून वाकू नका. ते काम पट्टा बांधलेल्या माणसाचं. युनिट नुसतं घुमतंय पण सुरू होत नाही, तर अनेकदा कॅपॅसिटर गेलेला असतो. काही शे रुपयांचा हा भाग, पण त्याच लक्षणावर 'कॉम्प्रेसर गेला' सांगून हजारोंचा खर्च काढला जातो. आधी कॅपॅसिटर मोजून दाखवायला सांगा. स्वतः हात लावू नका, स्विच बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

गावाकडे आणखी एक दुखणं : व्होल्टेज. रात्री सगळ्यांचे पंखे-एसी लागले की दाब पडतो आणि १८० च्या खाली साध्या एसीचा कॉम्प्रेसर उचलत नाही. तिथे दोष एसीचा नाही. स्टॅबिलायझर लावा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. प्लग गरम लागत असेल किंवा काळा पडला असेल तर एसी लगेच बंद करा. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी कधीच चालवायचा नाही.

दुरुस्ती होईपर्यंत खोलीतल्या माणसाचं काय, हे जास्त महत्त्वाचं. आपल्याला वाटतं, किनाऱ्यावर ऊन ते केवढं! १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, तेही किनाऱ्याजवळच. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. याच कारणाने अकोला-जळगावला चालणारा पाण्याचा कूलर मीरा रोडला बंद खोलीत लावला तर ओल वाढते आणि घुसमट होते. त्यापेक्षा ओल्या फडक्याने अंग पुसून पंख्याखाली बसा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा. वरच्या मजल्याचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं यांना दोन रात्री शेजाऱ्यांकडे किंवा खालच्या मजल्यावर झोपवायला लाज कसली?

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटके बसण्याइतकं तापलं, शुद्ध हरपू लागली, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आता पैशाचं. बाहेरचा मेकॅनिक बोलावण्याआधी वॉरंटी कार्ड काढा. बऱ्याच एसींच्या कॉम्प्रेसरला पाच ते दहा वर्षांची वॉरंटी असते आणि बाहेरच्या माणसाने युनिट उघडलं की कंपनी ती नाकारू शकते. बिल घ्याच. त्यावर गॅसचं नाव, किती ग्रॅम भरला, गळती कुठे बंद केली आणि कामाची हमी किती दिवसांची, हे लिहून घ्या. काम फसलं आणि दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार मराठीतही सांगता येते, बिल हाताशी ठेवा.