संघ सोडला, गावाला बोल नाही लावला

कार्लोस टेवेझ हा अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांकडून खेळला, आधी युनायटेड, मग सिटी. २०११ च्या जूनमध्ये, सिटीत असतानाच, तो मायदेशी टीव्हीवर बसला आणि मँचेस्टरबद्दल पोटात होतं नव्हतं ते सगळं बोलून मोकळा झाला. तिथे काही नाही, दोन हॉटेलं, सगळं चिमुकलं, सदानकदा पाऊस. एकदा सुटलो की सुट्टीलासुद्धा तिकडे फिरकणार नाही. त्याचाच देशबंधू आंखेल डी मारिया. युनायटेडने २०१४ मध्ये जवळपास सहा कोटी पौंड मोजून त्याला आणलं आणि एका हंगामात तो पॅरिसला निघून गेला. २०२० मध्ये त्याच्या बायकोने उरलेला हिशेब चुकता केला: जेवण भिकार, हवा भिकार, दुपारी दोनला अंधार. मँचेस्टरवाले भडकले. पावसाचं मात्र काही खोटं नव्हतं.

तेव्हापासून मला एक नाद लागला. आपल्याकडे असं कोण बोललं आहे? जुना संघ सोडून गेलेल्या एखाद्या क्रिकेटपटूने त्या शहराला, तिथल्या पाण्याला, माणसांना नावं ठेवली आहेत का? तुमसर-बपेरा रस्त्यावरच्या आमच्या सिहोरा गावात बसून मी वर्षानुवर्षं कात्रणं जमवली. भांडणं ढीगभर सापडली. शहराला शिवी जवळपास नाही.

हनुमा विहारीचं पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने जाहीर लिहिलं की संघातल्या एका खेळाडूवर ओरडलो, त्याचे वडील राजकारणी निघाले आणि माझं कप्तानपद गेलं. आंध्रकडून पुन्हा खेळणार नाही. त्याच वर्षी राज्यात सरकार बदललं आणि तो परतला, पुढच्या वर्षी त्रिपुराला गेला. संघावर आपलं प्रेम आहे हे त्याने त्या रागातही लिहिलं होतं. वृद्धिमान साहाने बंगाल सोडलं ते एका पदाधिकाऱ्याने त्याच्या निष्ठेवर शंका घेतली म्हणून. त्रिपुराहून दोन वर्षांनी परत येऊन ईडन गार्डनवरच त्याने कारकीर्द संपवली. शहराच्या सर्वांत जवळ पोचला तो अंबाती रायुडू. २०१९ मध्ये त्याने तेलंगणाच्या मंत्र्यांना उद्देशून विचारलं, की जिथल्या क्रिकेट संघात पैशाचं आणि भ्रष्ट माणसांचं चालतं ते हैदराबाद महान कसं होणार? पण बाण तिथेही संघटनेवरच होता, चारमिनारवर नाही.

नियमांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मला फारसा रस नाही. रणजीत राज्य बदलायचं तर जुन्या संघटनेचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, लागतं. बाहेरून घेतलेल्या खेळाडूला प्रोफेशनल म्हणतात, असे तीनच चालतात, त्यांना वेगळं मानधन मिळतं. झालं.

आता विदर्भाकडे वळू, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. आम्ही रणजीत उतरलो १९५७-५८ मध्ये आणि साठ वर्षं अंतिम सामना पाहिला नाही. मग २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून नागपूरला आले. त्यांच्या हाताखाली मुंबई २०१५-१६ मध्ये जिंकली होती, पुढच्या वर्षी उपविजेती ठरली, आणि मुंबईने त्यांना नारळ दिला. मुंबईचाच वसीम जाफर दोन वर्षं आधी आलेला. मधला एक हंगाम दुखापतीत गेला, तेव्हा पुढच्या वर्षी चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस विदर्भाकडून बिनपैशाचा खेळला. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅटट्रिक त्याआधी फक्त तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७३ साली घेतली होती. २०१८ च्या १ जानेवारीला विजयी चौकार जाफरच्याच बॅटमधून गेला. पुढच्या वर्षी नागपूरबाहेरच्या जामठ्याच्या मैदानावर करंडक पुन्हा आमचाच, आणि जाफरच्या हजारावर धावा. मुंबईहून आलेल्या माणसांनी हे केलं. मुंबई शहराबद्दल दोघांपैकी कोणाचा वाईट शब्द माझ्या कात्रणांत नाही. पंडितांनी पुढे २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला करंडक जिंकून दिला तो थेट मुंबईला हरवून. एवढं उत्तर पुरेसं असावं.

करुण नायरची गोष्ट मला याहून आवडते. कसोटीत ३०३ नाबाद करणारा हा माणूस कर्नाटकने संघाबाहेर ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने क्रिकेटलाच उद्देशून आणखी एक संधी मागितली; ती त्याला २०२३ मध्ये नागपुरात मिळाली. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत आठ डावांत ७७९ धावा, पाच शतकं, बाद फक्त दोनदा. अंतिम सामना वडोदऱ्याला, समोर कोण तर कर्नाटक! करुणच्या २७ धावांवर कर्नाटकच्याच प्रसिद्ध कृष्णाने त्रिफळा उडवला आणि आम्ही ३६ धावांनी हरलो. दीड महिन्यात जामठ्यावर रणजीची अंतिम लढत, केरळविरुद्ध. ८६ आणि १३५. शतक होताच त्याने नऊ बोटं दाखवली, हंगामातली नऊ शतकं. तिथे बसून माझ्या घशात आवंढा आला होता.

बोटं निवड समितीकडे होती, बेंगळुरूकडे नाही. आणि २०२५-२६ साठी तो पुन्हा कर्नाटकात गेला. आता कळलं ना, शहराला शिव्या का द्यायच्या नसतात?

गावाकडेही हेच कळतं. आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई नावाची जत्रा भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार हे लोकनाट्य, आणि काही गावांत कबड्डीचे सामने. बाहेरचा रेडर आणणं हे तिथेही चालतंच. एक पोरगा असाच आमच्या बाजूच्या मंडळाकडून खेळायला लागला आणि जिंकल्यावर माईक हाती येताच जुन्या गावाबद्दल बरळला, तिथं माणसंच नाहीत म्हणे. म्हातारे खो खो हसले. त्याची सख्खी बहीण त्याच गावात दिलेली होती आणि भाऊबीज दुसऱ्याच दिवशी होती. "आता ओवाळून कोन घेईल जी?" एकाने विचारलं. टेवेझची बहीण मँचेस्टरला दिलेली नव्हती.

मला वाटतं शहराला शिवी न देण्याचं खरं कारण आणखी एक आहे. प्रोफेशनल खेळाडू शहरात राहतो कुठे? हॉटेल, मैदान, विमानतळ. टेवेझ त्या पावसात वर्षानुवर्षं राहिला, म्हणून वैतागला. वैतागायलासुद्धा मुक्काम लागतो. उलट ज्या शहराने घडवलं ते सोडताना जीभ रेटत नाही. भदोहीहून येऊन आझाद मैदानावरच्या तंबूत राहिलेल्या यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्यासाठी एनओसी मागितली; आपण जे काही आहोत ते मुंबईमुळे असंही सोबत म्हणाला, आणि महिन्याभरात अर्ज मागे घेतला. पृथ्वी शॉ मात्र महाराष्ट्राकडे गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गहुंजेच्या सराव सामन्यात मुंबईविरुद्ध १८१ काढल्या आणि बाद झाल्यावर मुशीर खानवर बॅट उगारली. बॅट उगारली तरी मुंबईबद्दल वाकडं बोलला नाही.

या सौजन्याचं कौतुक करावं असं सगळे म्हणतात. मला ते थोडं अळणी वाटतं. यात प्रेम असेल निम्मं, उरलेली एनओसीची भीती. परतीचं दार उघडं ठेवायचं असेल तर तोंड बंद ठेवावं लागतं, आणि त्यामुळे संघटनांच्या कारभाराबद्दल जे बाहेर यायला हवं तेही घशातच राहतं. विहारी बोलला तेव्हा कुठे त्या खेळाडूच्या राजकारणी बापाची गोष्ट आपल्याला कळली. गुरबानी विदर्भ सोडून महाराष्ट्राकडे गेला, अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा घरचा पोरगा घर का सोडतो, हे आम्हा विदर्भवाल्यांना नीट ऐकायचं आहे, आणि ऐकून राग धरणार नाही एवढं आश्वासन मी माझ्यापुरतं देतो.

या हिवाळ्यात जामठ्यावर रणजीचा सामना असला तर जाच. गर्दी नसते, सीमारेषेजवळचा खेळाडू हाकेच्या अंतरावर असतो. बाहेरून आलेला कोणी दिसला तर त्याला नागपूर कसं वाटलं ते विचारा. "छान आहे" याखेरीज काही उत्तर मिळालं, तर मला सिहोऱ्याला जरूर कळवा.